हवेत पाखरू बसत नाही

पहिल्या दिवशी आम्ही डाव्या-उजव्यावरून भांडलो.
निनाजी सुरवाडे म्हणाले, डावीकडे घे.
मी विचारलं, माझ्या डावीकडे की ड्रोनच्या?
तो आपल्याकडे तोंड करून येतो तेव्हा
त्याचं डावं ते आपलं उजवं असतं, काका.
त्यांनी विडी कानावर ठेवली, विचार केला.
कागदावर आज त्यांचं पद स्पॉटर,
पण भुसावळच्या यार्डात चौतीस वर्षं
पॉइंट्समन होते ते.
म्हणाले, मग अप आणि डाऊन धर.
मुंबईकडे अप, नागपूरकडे डाऊन.
इंजिनानं तोंड कुठंही केलं
तरी मुंबई काय जागा सोडते?

तेव्हापासून आमची भाषा ठरली.
अप. डाऊन. डोंगर म्हणजे सातपुडा.
तापी म्हणजे तापी.
आणि थांब म्हणजे थांब,
का, कशाला, ते खाली उतरल्यावर.

बामणोदच्या अलीकडे केळीची बाग,
निर्यात करणाऱ्या कंपनीची फिल्म.
त्यांना हवं होतं घडांवरच्या निळ्या पिशव्या,
ठिबकच्या नळ्या, घड वाहणारी माणसं ओळीनं,
आणि शेवटी एका दमात नदीपर्यंत.

मार्चचं ऊन. डोक्यावरून टॉवेल घेऊन
मी पडद्यावर वाकलेली.
सगळं जग तळहाताएवढं,
त्यात ड्रोनला दिसेल तेवढंच.
माझ्या मागे दीड हातावर
सुरवाडे काका, टाचा जुळवून,
मान वर, हातात काही नाही.
त्या ठिपक्यावरून, त्याच्या आसपासच्या आभाळावरून
डोळा हलवायचा नाही, एवढंच काम.
पापणी लववायलाही
मला विचारतील की काय असं वाटायचं.
विडीसुद्धा बॅटरी बदलताना.

एकदा म्हटलं, कंटाळा नाही येत?
"गाडी दिसत नाही म्हणजे गाडी नाही,
असं धरणाऱ्या एका पोरासोबत ड्यूटी केलीय मी."
मग थोड्या वेळानं,
"एकच आठवडा केली."

चौथं उड्डाण. सगळं सुरेख चाललेलं.
वाऱ्यानं चिरलेली पानं, चकाकणारी,
खालून सरकत जाणारी,
मग बांध, मग पुढं नदीचा पांढरा काप.
मी वेग वाढवला. समोर नुसती हवा.

"थांब, माय."

ओरडले नाहीत.
शंटिंगला डबे जुळवताना बोलत असतील तसे.
माझा अंगठा माझ्याआधी थांबला.
"मागं. डोंगराला. अजून.
हां. आता वर."
मी घेतला. पडद्यावर काहीच नव्हतं,
आधी नाही, नंतर नाही.

उतरवल्यावर त्यांनी बोट केलं.
कुणीतरी मोटरीसाठी बांबूवरून ओढलेली तार.
नकाशात नाही. कॅमेऱ्यात नाही.
मला तर उघड्या डोळ्यांनीही सापडेना.
तुम्हाला कशी दिसली?
"तार कुठं दिसली? कोतवाल दिसला.
हवेत बसून राह्यला होता, शेपटी हालवत.
हवेत पाखरू बसत नाही, माय."

संध्याकाळी फैजपूरला, चहाच्या हॉटेलात
लॅपटॉपवर त्यांना दाखवलं.
उडतानाच्या पहिल्या दोन सेकंदांत आम्ही आहोत.
मी म्हणजे एक टॉवेल,
आणि मागे, वर केलेला, एक चेहरा.
ते त्यांनी तीनदा बघितलं.
मग सगळं शेवटपर्यंत.
मग विचारलं, आवाज नाही का ह्याच्यात?
नसतो, काका. असता तर नुसती पंख्यांची घरघर.
"मग ते थांब कुठंय?"
मी बोट ठेवलं. तिथं
चित्र सहा सेकंद जागच्या जागी उभं,
नदी समोर,
खालचं एकही पान सरकत नाही.

कंपनीच्या साहेबांना फार आवडला तो शॉट.
म्हणाले, बरोब्बर तिथंच थांबायचं
कसं काय सुचलं हो तुम्हाला?